एका रात्रीचं सामान

प्रश्न: सप्रेम नमस्कार. पुढच्या महिन्यात मी आणि माझे दोन मित्र तीन दिवस जंगलातून चालायला जाणार आहोत. वाट डोंगराळ आहे, अधूनमधून ओढे आहेत, मोबाइलला रेंज नाही. आणीबाणीसाठी 'सर्व्हायव्हल किट' बांधायला बसलो आणि तिथेच अडकलो. एका यादीत बावीस वस्तू, दुसरीत साठ. शेवटी पत्र्याच्या डबीतलं एक तयार किट मागवलं. त्यात मासे धरायचे गळ आहेत, तारेची करवत आहे, सर्पदंशावर विष ओढायचा पंप आहे आणि शर्टाच्या बटणाएवढं होकायंत्र आहे. एक मित्र म्हणतो कुऱ्हाड हवीच. दुसरा म्हणतो फोन आणि पॉवर बँक घेतली की झालं. माझी सॅक आत्ताच सतरा किलो भरते आहे आणि तंबू अजून आत गेलेला नाही. बायको विचारते, "कायमचा राहायला चाललायस का?" काय ठेवू आणि काय काढू?
— गोंधळलेला

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्नीचा प्रश्न मी थट्टा म्हणून सोडून देणार नाही. त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत म्हणूनच सॅक सतरा किलोची झाली आहे. साठ वस्तूंची यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो. तो जंगलात महिनोन्महिने एकटा राहतो, झाडं तोडून खोपटं बांधतो, मासे धरून खातो. तुमच्यावर वेळ आली तर ती अशी नसेल. संध्याकाळी वाट चुकेल, कुणाचा तरी पाय मुरगळेल, ओढ्याला एकदम पाणी येईल आणि पलीकडे उतरता येणार नाही, धुकं खाली येईल. मग एक रात्र, फार तर दोन, आहात तिथेच काढाव्या लागतील. सामान त्या रात्रीचं बांधा. अंग कोरडं आणि ऊबदार राहावं, प्यायला पाणी असावं आणि शोधायला येणाऱ्यांना तुम्ही सापडावं, एवढ्यासाठी जे लागतं ते आत. बाकीचं घरी.

याला एक ढोबळ हिशेब आहे, तो तुमच्या वाचनात आला असेल. हवेविना माणूस तीन मिनिटं काढतो, बोचऱ्या थंडीवाऱ्यात आडोशाविना तीन तास, पाण्याविना तीन दिवस, अन्नाविना तीन आठवडे. आकडे काटेकोर नाहीत. कडक उन्हात पाण्याविना तीन दिवससुद्धा निघणार नाहीत. पण क्रम बरोबर आहे, आणि तुमच्या डबीतलं सामान या क्रमाच्या बरोबर उलटं आहे. तीन आठवड्यांनी लागणाऱ्या गोष्टीसाठी गळ आहेत आणि तीन तासांत लागणाऱ्या गोष्टीसाठी काहीच नाही.

एक गोष्ट सांगतो, माझ्याच फजितीची. बरीच वर्षं झाली. तेव्हा माझी सॅक म्हणजे चालतंफिरतं दुकान होतं. आग पेटवायची चार साधनं एकट्या माझ्याकडे होती. संध्याकाळी तंबू ठोकला आणि सूर्यास्त बघायला आम्ही दोघं शेजारच्या उंचवट्यावर गेलो. पंधरा मिनिटांची वाट, म्हणून हात हलवत निघालो. परतताना धुकं आलं आणि पंधरा मिनिटांची वाट गायब झाली. रात्रभर एका खडकाच्या पोटाला अंग चिकटवून बसलो, वरून पावसाची भुरभुर. खिशात एक रुमाल, दोन लिमलेटच्या गोळ्या आणि तंबूच्या खुंट्या ठोकायची हातोडी होती. ती मी का बरोबर घेतली होती हे आजही सांगता येणार नाही. सकाळी धुकं उठलं तेव्हा तंबू दोनशे पावलांवर उभा होता आणि त्यात माझी चारही साधनं कोरडी ठणठणीत होती.

तेव्हापासून मी सामानाची दोन भागांत वाटणी करतो, आणि तुम्हीही आधी तेच करा. एक छोटी पिशवी कमरेला किंवा खिशात, जी झोपतानासुद्धा हाताच्या अंतरावर राहील. शौचाला जातानाही ती बरोबर. तिच्यात शिट्टी, लायटर, हेडटॉर्च, अंगावर ओढायची मोठी पिशवी, लहान चाकू आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. उरलेलं सॅकमध्ये. ओढा ओलांडताना पाय घसरला की सॅक सोडून द्यावी लागते, माणूस दरीत घसरला की सॅक भलतीकडे पडते, आणि वाट बहुतेकदा चुकते ती 'जरा बघून येतो' म्हणून रिकाम्या हाताने उठल्यावरच. तुम्ही तिघं आहात, तर अशा पिशव्याही तीन हव्यात. "लायटर तुझ्याकडे आहे ना?" हे वाक्य अंधारात ऐकायला फार वाईट लागतं.

आता आडोसा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक नेमकं इथेच हात आखडता घेतात. थंडी म्हणजे बर्फ, असं आपल्या डोक्यात असतं. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि त्याला बर्फ लागत नाही. दहा अंश तापमान, भिजलेले कपडे आणि वारा एवढं पुरतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. सुती शर्ट आणि जीन्स एकदा भिजली की अंगाला ओला फडका गुंडाळल्यासारखंच. लोकर किंवा सिंथेटिक कापड ओलं झालं तरी थोडी ऊब धरून ठेवतं. म्हणून जाड लोकरी मोज्यांची एक जोडी, कानटोपी आणि एक गरम बनियन घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या तळाशी ठेवा, आणि संकट येईपर्यंत त्या पिशवीला हात लावू नका. 'आज जरा गार आहे' हे संकट नव्हे.

त्या चंदेरी, चुरचुरणाऱ्या चादरीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण यादीत ती असणारच. प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवलेलं हे कापड १९६४ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमासाठी, नासासाठी, विकसित झालं. अंगातून किरणांच्या रूपाने बाहेर जाणारी उष्णता ते बऱ्याच अंशी परत फिरवतं. पण जमीन जी उष्णता स्पर्शाने शोषून घेते, तिला ते अजिबात अडवत नाही. दगडावर ही चादर अंथरून झोपलात तर चमकणाऱ्या दगडावर झोपल्यासारखं होईल. शिवाय एक काटा लागला की ती टरटर फाटते, आणि वाऱ्यात इतकी फडफडते की लांबून कुणी हाका मारत असेल तर ऐकू येणार नाही. घ्या, वजन नगण्य आहे. पण भिस्त ठेवा जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीवर, म्हणजे माणूस आत मावेल अशी, भडक नारिंगी मिळाली तर उत्तम. बंद टोकाच्या एका कोपऱ्याला चेहरा मावेल एवढं भोक पाडायचं आणि पिशवी डोक्यावरून अंगात घालायची. तोंड कायम बाहेर राहिलं पाहिजे. गुदमरण्याचा धोका तर आहेच, शिवाय श्वासातल्या वाफेने माणूस आतून भिजतो. आणि बुडाखाली काहीतरी घ्या: रिकामी सॅक, दोरीचं वेटोळं, कोरड्या पानांचा वीतभर जाड थर. अंगावर काय घेतलंय यापेक्षा अंगाखाली काय आहे याने रात्र जास्त ठरते, हे मी त्या खडकापाशी शिकलो.

आगीची साधनं दोन ठेवा. एक साधा गॅसचा लायटर. चकमक, फायर स्टील वगैरेंच्या प्रेमात पडलेले लोक लायटरला नाकं मुरडतात, पण थरथरत्या हातांना अंगठ्याच्या एका झटक्यात ज्योत देणारं दुसरं साधन मला तरी माहीत नाही. त्याची खोड एकच. आतला ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खाली वायू व्हायला कुरकुरतो, म्हणून कडक थंडीत लायटर काखेत धरून आधी गरम करावा लागतो. दुसरं साधन म्हणजे ते फायर स्टील, फेरोसिरियमची कांडी. १९०३ मध्ये कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने हा मिश्रधातू शोधला. लायटरच्या चाकाखाली जो इवलासा खडा असतो तो याचाच. कांडी पाण्यातून काढून पुसली तरी ठिणग्या देते. पण ठिणगी म्हणजे ज्योत नव्हे, ठिणगी झेलायला तिच्याजोगं काहीतरी लागतं. त्यासाठी कापसाचे बोळे व्हॅसलीनमध्ये नीट चोळून एका छोट्या डबीत दाबून भरा. कापूस वातीचं काम करतो, व्हॅसलीन इंधनाचं, आणि एक बोळा काही मिनिटं जळत राहतो. पेटवताना तो जरा पिंजायचा, तंतू मोकळे झाले की ठिणगी धरते. काडेपेटी घ्यायची तर जलरोधक डबीत, घासायच्या पट्टीसकट. काड्या कोरड्या आणि पट्टी ओली, हा प्रकार मी पाहिला आहे.

साधन मात्र दहा टक्के, बाकी नव्वद टक्के लाकूड. (हे आकडे माझ्या वैतागातून आलेले आहेत, शास्त्रातून नव्हे.) पेन्सिलीच्या शिशाएवढ्या काटक्या ओंजळभर, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या, हे सगळं हाताशी रचून झाल्यावरच ठिणगी पाडायची. पावसात जमिनीवरचं लाकूड उचलू नका. झाडालाच वाळून राहिलेली फांदी मोडा आणि चाकूने उभी चिरा, आत ती कोरडी असते. आणखी एक, आग ही खऱ्या आणीबाणीसाठीच. पुष्कळ राखीव जंगलांत ती पेटवायला बंदी असते आणि ती योग्यच आहे. पेटवलीच तर भोवतीचा पालापाचोळा आधी दूर करा, आणि विझवताना राखेवर पाणी ओतून ती ढवळा, हाताला गार लागेपर्यंत.

पाण्यासाठी माझी पसंती एका धातूच्या बाटलीला. एकेरी पत्र्याची, लिटरभराची. बाटली आणि भांडं एकात. थर्मासची दुहेरी भिंतीची बाटली मात्र आगीवर चुकूनही ठेवू नका. दोन भिंतींमधली पोकळी बंद असते आणि ती फुटू शकते. पाणी खळखळ उकळायला लागल्यावर एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. वीस-वीस मिनिटं उकळत बसून लाकूड संपवणारे पाहिलेत, ते निव्वळ भीतीपोटी. आग शक्य नसेल तेव्हा क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या. त्यांचा असर व्हायला बहुतेक जंतूंसाठी अर्धा तास लागतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक चिवट परजीवी आहे, त्याला चार तास. आयोडीनला तर तो दाद देतच नाही. गढूळ पाणी आधी रुमालातून गाळा, नाहीतर गोळीची ताकद चिखलावरच खर्च होते. बारीक नळ्यांचे हलके फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण विषाणू सहसा त्यांतून निसटतात. आणि असा फिल्टर वापरल्यानंतर एकदा गोठला तर आतल्या नळ्या तडकतात, बाहेरून मात्र काही कळत नाही. थंडीत तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. तिघांत एक फिल्टर चालेल, गोळ्या मात्र प्रत्येकाच्या पिशवीत. शेतांमधून किंवा कारखान्यांकडून येणारं पाणी असेल तर यातलं काहीच रसायनं काढत नाही, ते पाणी सोडून द्यायचं.

आणि जवळ असलेलं पाणी घोट-घोट मोजून साठवू नका. तहान लागली की प्या. पाणी वाचवायचं असेल तर घाम वाचवा, म्हणजे दुपारी सावलीत बसा आणि चालणं सकाळ-संध्याकाळवर ढकला.

आता 'सापडणं'. तुमच्या डबीत याच्यासाठी काहीच नाही याचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. १९७१ सालच्या २४ डिसेंबरला पेरूमध्ये एक विमान वादळात सापडून ॲमेझॉनच्या जंगलावर कोसळलं. सतरा वर्षांची युलियाने कोएप्के त्यातून एकटी वाचली आणि अकराव्या दिवशी माणसांपर्यंत पोचली. तिच्याकडे मिठाईच्या गोळ्यांची एक पिशवी होती, एवढंच. तिच्या हकिकतीतला मला न विसरता येणारा भाग वेगळाच आहे. शोधणारी विमानं तिच्या डोक्यावरून जात होती, तिला ती ऐकू येत होती, पण झाडांच्या छताखालून ती कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. दाट जंगलात माणूस वरून दिसत नाही, म्हणून तिथे आवाज आणि मोकळी जागा या दोन गोष्टींना मोल.

आवाजासाठी शिट्टी. ओरडून ओरडून घसा तासाभरात बसतो, शिट्टीला मात्र श्वास पुरतो. आत गोटी नसलेली प्लास्टिकची घ्या. गोटी पाण्याने किंवा बर्फाने अडकते, आणि धातूची शिट्टी कडाक्याच्या थंडीत ओठाला चिकटते. युरोपातल्या डोंगरांत रूढ असलेली खूण अशी की एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटात तीन वाजवून उत्तर देतो. उत्तर अमेरिकेत मदतीची खूणच तीनची. निघण्याआधी तिघांनी एक पद्धत ठरवा. नाहीतर एकाचं 'वाचवा' दुसऱ्याला 'आलोच' असं ऐकू यायचं. शांततेचं ते एक मिनिट गाळू नका. त्या मिनिटातच समोरच्याचं उत्तर ऐकू येणार असतं.

उघड्यावर असाल आणि ऊन असेल तर छोटा आरसा कामाचा. त्याची तिरीप कित्येक किलोमीटरवरून दिसते. एक हात लांब करून दोन बोटांच्या मधोमध विमान किंवा समोरची टेकडी धरायची आणि आरशाचा कवडसा त्या बोटांवर पाडायचा. म्हणजे तो पलीकडेही जातो. हेडटॉर्चही सापडण्याच्याच खात्यात मोडते, शिवाय दोन्ही हात मोकळे राहतात. जास्तीचे सेल घ्या, आणि टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवा, म्हणजे सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन ती दिवसभर आतल्या आत जळत राहणार नाही.

तुमच्या दुसऱ्या मित्राचा फोन. तो न्यावाच. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक पुष्कळ देशांत चालतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाच्या टॉवरवरून लागू शकतो. फोन लागत नाही तिथूनही कधी कधी मेसेज निसटून जातो. पण टॉवरच नसेल तर पॉवर बँक तुम्हाला फक्त चार्ज झालेला फोन देईल. तुम्हीच लिहिलंय की रेंज नाही, मग मित्राला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. फोन विमान मोडवर आणि अंगाजवळ ठेवा, गारठ्यात बॅटरी लवकर बसते. खरोखरच दुर्गम भागात वारंवार जाणार असाल तर उपग्रहाशी बोलणाऱ्या बीकनचा विचार करा. पर्सनल लोकेटर बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर हाक घालतो आणि कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह ती पकडतात. तो आपल्या नावावर नोंदवलेला असावा लागतो, आणि उपग्रह उपकरणं विनापरवाना बाळगणं काही देशांत गुन्हा आहे, तेव्हा आधी चौकशी करा.

कुऱ्हाड. नाही. दमलेला माणूस, संधिप्रकाश आणि नडगीच्या उंचीवर फिरणारं पातं, हे तीन एकत्र आले की एका रात्रीची आणीबाणी रक्तस्रावाची होते. एका रात्रीला लागणारं लाकूड हाताने आणि पायाने मोडता येतं. चाकू मात्र चांगला घ्या. न मिटणारा, पातं आठ-दहा सेंटिमीटर, आणि पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं. पोकळ मुठीत सुई-दोरा लपवलेले चाकू दिसायला झकास, पण जोर लावला की सांध्यात निखळतात. मित्राचा हिरमोड होणार असेल तर त्याला कुऱ्हाड नेऊ द्या, फक्त सतरा किलोंतले दोन त्याच्या पाठीवर टाका. संध्याकाळपर्यंत त्याचं मत बदललेलं असेल.

डबीतलं बाकीचं भराभर निकालात काढू. गळ काढा, एका रात्रीत कुणी उपाशी मरत नाही. तारेची करवत दहा-वीस घासांत तापते आणि तुटते. बटणाएवढं होकायंत्र उत्तर दाखवतं कधी, कधी दाखवतं तुमच्या पट्ट्याचं बक्कल. पट्टीवर बसवलेलं खरं होकायंत्र आणि कागदी नकाशा घ्या, आणि नकाशा वाचायला घरीच शिका. होकायंत्राजवळ फोन धरला की सुई भरकटते, हेही तेव्हाच बघून ठेवा. विषाचा पंप तर आजच केरात टाका. तो विष ओढत नाही, वेळ मात्र खातो. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-घड्याळ उतरवायचं, चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा आधार द्यायचा आणि शक्यतो माणसाला न चालवता रुग्णालय गाठायचं. विषावर उतारा तिथेच असतो.

औषधांच्या पिशवीत रक्त थांबवायला गॉझचे जाड घड्या केलेले तुकडे आणि क्रेप बँडेज, फोडांसाठी चिकटपट्टी, दुखण्यावरची आणि ॲलर्जीवरची गोळी, ओआरएसची पाकिटं. आणि तुम्ही रोज घेता त्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. हे शेवटचं तयार किटमध्ये कधीच नसतं, कारण किट बनवणाऱ्याला तुमचा रक्तदाब माहीत नसतो.

खाणं एका दिवसाचं जास्तीचं, न शिजवता खाता येईल असं: सुकामेवा, चॉकलेट. पोटात काही असलं तर कुडकुडून अंग गरम ठेवायला शरीराला इंधन मिळतं. दहाएक मीटर बारीक मजबूत दोरी, आणि बाटलीला गुंडाळलेली हातभर डक्ट टेप. बुटाचा तळवा सुटला की तुम्हाला माझी आठवण येईल.

याद्यांवरून आठवलं. अमेरिकेत सिएटलच्या 'द माउंटेनिअर्स' या गिर्यारोहण क्लबने १९३० च्या दशकात आपल्या शिकाऊ सभासदांसाठी दहा आवश्यक वस्तूंची यादी केली. नकाशा, होकायंत्र, उन्हापासून बचाव, जास्तीचे कपडे, विजेरी, प्रथमोपचार, पेटवण, काडेपेटी, चाकू, जास्तीचं खाणं. तीत कुऱ्हाड नाही, गळ नाही. गंमत म्हणजे पाणीही नाही, ते तर माणूस नेणारच असं धरलं असावं. मला त्यात शिट्टीची उणीव भासते, पण त्या यादीत आणि तुमच्या पत्र्याच्या डबीत मला निवडायचं असेल तर मी विचारसुद्धा करणार नाही.

हे सगळं जमवलंत की एका संध्याकाळी दिवे घालवून बाहेर बसा आणि पिशवी उघडा. नुसत्या चाचपण्यावर लायटर सापडतो का ते बघा. हाताची बोटं पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवून मग डबीचं झाकण उघडून बघा. मोठ्या पिशवीत शिरून अर्धा तास बसा. पत्नी हसेल, हसू द्या. जे झाकण तेव्हा उघडणार नाही ते डोंगरात तर नाहीच उघडणार, ती डबी बदला. आणीबाणीचं एवढं सामान दीड किलोच्या आत बसतं. माझं बसतं.

आता राहिली एक चिठ्ठी. तिचं वजन काहीच नाही आणि ती सॅकमध्ये जायची नाही, घरी राहायची. २००३ च्या एप्रिलमध्ये आरन राल्स्टन नावाचा तरुण अमेरिकेतल्या युटामध्ये एका अरुंद घळीत एकटा उतरला. एक मोठा दगड सरकला आणि त्याचा उजवा हात चिणला गेला. तो कसलेला गिर्यारोहक होता. त्याच्याजवळ दोर होते, थोडं पाणी होतं, एक स्वस्तातलं बोथट मल्टिटूल होतं. आपण कुठे जातोय हे मात्र त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तो घरी आला नाही हे लक्षात यायलाच दिवस गेले. पाच दिवसांनंतर त्या बोथट पात्याने स्वतःचा हात कापून तो बाहेर पडला.

तुमच्या चिठ्ठीत नावं लिहा, कुठल्या वाटेने शिरणार आणि कुठून बाहेर पडणार ते लिहा, गाडी कुठे लावणार, तंबूचा आणि जॅकेटचा रंग कोणता, कुणाला कसली औषधं चालू आहेत तेही. आणि सर्वांत खाली एक वेळ: 'रविवारी रात्री नऊपर्यंत आमचा फोन आला नाही तर अमुक क्रमांकावर कळवा.' ही वेळ जरा सैल धरा. पत्नीकडे द्या चिठ्ठी. ती नुसती हसणारी नाही, तुमची सॅक किती जड झालीय हे तिनेच आधी ओळखलंय.

आणि खाली उतरल्यावर पहिली रेंज मिळेल तिथून तिला फोन करा, चहाच्या आधी. मी एकदा विसरलो होतो. आंघोळ करून, जेवून गाढ झोपलो, आणि रात्री साडेअकराला दार वाजलं. दारात मेहुणा उभा होता, पायांत ट्रेकचे बूट, कपाळावर पेटवलेली हेडटॉर्च. मागे आणखी चारजण, हातांत दोर. त्यांच्याकडे माझीच चिठ्ठी होती.